अडुसष्ट सेंटीमीटरचा गोलकीपर

(येरमाळ्याच्या अलीकडं, माळावरचं घर. रविवार, दुपारचे तीन. ओसरीत घोंगडीवर बिभीषण, एक पाय लांब सोडून, हातात मोबाईल. लेक करिश्मा धाराशिवाहून आत्ताच आलेली. आई बानूबाई जोंधळं निवडायलीय, कान मात्र इकडंच.)

करिश्मा : ...म्हणून म्हणलं, हे फोनवर नको. घरी जाऊन समोर बसून सांगावं.

बिभीषण : मंग बस की समोर. आन ती पाठीवरली बॅग काढ आदी. बॅग न काढता बोलणारं माणूस एक तर जमीन मोजायला आलेलं असतंय, न्हायतर निघायच्या घाईत.

करिश्मा : साडेपाचची गाडी धरायचीय, आबा. उद्या दहाला ऑफिस.

बानूबाई : चार महिन्यानं आली, आन आली ती अडीच तासासाठी. धाराशिव काय साता समुद्रापार हाय व्हय गं? इथनं बसलं की दीड तास.

करिश्मा : आई, जिल्हा परिषदेत सध्या मान वर करायला फुरसत नाही. अधिवेशन चालू आहे. मुंबईहून रोज नवा कागद येतोय, आजच्या आज माहिती पाठवा म्हणून.

बानूबाई : पाठव की. आमची बी माग एखाद्या दिवशी माहिती.

बिभीषण : आगं, बोलू दे तिला. पोरगी काहीतरी सांगायला आलीय. तोंड बघ तिचं, कोकरू हरवल्यावानी झालंय.

करिश्मा : आधी तुम्ही सांगा. गुडघा कसा आहे?

बिभीषण : गुडघा जागेवर हाय. मुद्द्यावर ये. फुटबॉलचं हाय न्हवं?

करिश्मा : हो.

बानूबाई : आलं का ते परत. ह्या घरात सात पिढ्यांत कुणी चेंडूला पाय लावला न्हाय, आन आता सांज-सकाळ फुटबॉल. बरं, खेळायचं तर उठून खेळावं. ह्ये घोंगडीवर बसून खेळत्यात.

करिश्मा : आई, किती वेळा सांगितलं तुला. ह्यात पळायचं नसतं. इंटरनेटवरची लीग आहे ती. प्रत्येकानं आपला एक खेळाडू बनवायचा. आठवड्याला सराव टाकायचा, चार ओळी लिहायच्या, त्याचे पॉइंट मिळतात. ते पॉइंट खेळाडूच्या अंगात घालायचे. कुणी पळण्यात घालतं, कुणी उडीत. मॅच मात्र कॉम्प्युटर आपला आपण खेळतो. आपण नुसतं बघायचं.

बानूबाई : म्हंजे पेरायचं आपण, आन पाऊस पाडायचा का न्हाय ते त्यानं ठरवायचं.

बिभीषण : बघ, कळतंय हिला सगळं. येड पांघरून पेडगावला जाती नुसती.

बानूबाई : मला एवढंच कळतंय की गुडघ्याचं आपरेशन झालं, मेंढरं रेवणसिद्ध भाऊजींनी नेली, आन सात महिन्यामागं तू ह्यांच्या हातात ह्यो डबा दिलास. तवापासनं ह्यांची मान खाली ती खालीच.

करिश्मा : मग काय करायचं होतं? पंधरा दिवस रजा काढून बसले होते मी इथं. आबा दिवसभर मेंढरांच्या मोकळ्या वाड्याकडं बघत बसायचे. तुला बघवत होतं का?

बानूबाई : न्हाय बघवत. म्हणून तर काही बोलले न्हाय तवा. घे, दूध पी. रविवारचं हाय, विरजायचं न्हाय. आज सगळं संपवायचं.

करिश्मा : अजून पाळता तुम्ही हे?

बानूबाई : मल्हारीचा वार. ह्या घरात रविवारच्या दुधाला कधी विरजण लागलं न्हाय, कधी ते डेअरीला गेलं न्हाय. तुझ्या आज्यापासनं हाय. तू दोन बुकं जास्ती शिकलीस म्हणून काय देव बदलत न्हाय.

करिश्मा : बरं बाई, पिते. एवढं मोठं भांडं?

बिभीषण : पी पी. आन बोल.

करिश्मा : आबा, तुम्ही कुठं खेळता, सांगा बरं.

बिभीषण : म्या? धाकट्या लीगमंदी.

करिश्मा : आणि मी?

बिभीषण : तू थोरल्या लीगमंदली मॅनेजर. नॉर्थवुड संघाची. आमचा धाकटा संघ तुमच्याच हाताखाली. म्हंजे तू मालकीण, आमी तुझी कोकरं.

करिश्मा : आणि धाकट्या लीगचा नियम काय?

बिभीषण : आता परीक्षा घेतीस का? नवीन माणूस आदी धाकट्या लीगमंदी. मोठ्या मेंढ्यांत कोकरू एकदम सोडलं तर चेंगरतंय, म्हणून. दोन हंगाम तिथं वाढायचं.

करिश्मा : आणि दोन हंगाम झाल्यावर?

बिभीषण : ...थोरल्या संघानं वर घ्यायचं.

करिश्मा : नाही घेतलं तर?

बिभीषण : तर नाव खोडायचं. खेळाडू निवृत्त.

करिश्मा : तुमचे दोन हंगाम परवा संपले. वर कुणाला घ्यायचं ती यादी आज टाकायची आहे. आम्ही तीन मॅनेजर. परवा मत घेतलं.

बानूबाई : थांब. म्हंजे तू स्वताच्या बापाचं नाव खोडायला आलीस? दूध पिऊन?

करिश्मा : आई, एक मत माझं आहे. दोघं विरोधात. त्यांचं म्हणणं, थोरल्या लीगमध्ये गोलकीपरचा आकडा किमान पासष्ट लागतो. आबांचा सत्तेचाळीस आहे. पोलंडचा एक पोरगा आहे, त्याचा एकाहत्तर. जागा एकच.

बिभीषण : सत्तेचाळीस मार्कं कमी न्हाईत. म्या शाळेत असताना पस्तिसाला पास करायचे.

करिश्मा : आबा, एकसष्ट गोल खाल्ले तुमच्या सुलताननं ह्या हंगामात.

बानूबाई : सुलतान? आपल्या घुंगरवाल्या मेंढ्याचं नाव ठिवलं व्हय?

बिभीषण : मंग काय. पंधरा वर्सांत तसा मेंढा झाला न्हाय. सगळ्या कळपाच्या म्होरं चालायचा, पर कधी एकटा म्होरं गेला न्हाय. मागं वळून बघून चालायचा.

करिश्मा : मेंढा चांगलाच होता. पण फॉर्म भरताना तुम्ही काय करून ठेवलंत, आईला सांगा.

बिभीषण : ते कशाला आता.

करिश्मा : उंचीच्या खान्यात वजन भरलं आणि वजनाच्या खान्यात उंची. सगळ्या जगात एकटा गोलकीपर आहे आई, उंची अडुसष्ट सेंटीमीटर आणि वजन एकशे बाहत्तर किलो.

बानूबाई : आगं बाई. म्हंजे पाण्याचा रांजणच की.

करिश्मा : मी म्हणलं, आबा, बदलून घेऊ, अर्ज करते. तर नाही म्हणाले.

बिभीषण : एकदा लिवलं ते लिवलं. आन त्या कॉम्प्युटरला उंचीशी काय घेणंदेणं न्हाय, तूच सांगितलंस. आकड्यावर चालतंय ते. उलट त्या उंचीनं माझी वळख झाली. नवीन कुणी आलं की पहिलं मलाच इचारतंय, बाबा, तू गोलात उभा राहतोस का गोलात बसवलाय तुला.

करिश्मा : पण आबा, आकडा तरी वाढवायचा होता. सुरुवातीचे पॉइंट सगळे तुम्ही 'हुकूम' ह्या खान्यात घातलेत. उडीत काही नाही, हाताच्या पकडीत काही नाही. नुसतं ओरडणं.

बिभीषण : राखणाऱ्याला वरडता आलं पायजे. मागं उभं राहून सगळं दिसतंय त्याला. त्यानं वेळेला हाळी दिली तर लांडगा गोलापत्तूर येतच न्हाय.

करिश्मा : एकसष्ट वेळा आला.

बिभीषण : तेवढं हाय.

बानूबाई : घरात दुसरी भाकर घ्या म्हणलं की पोट भरलं. तिकडं एकसष्ट खाल्ले.

करिश्मा : हसू नको आई. मला हसू येईना. आबा, खरंच, मला हे नीट सांगता येत नाही. मी दोन दिवस झोपले नाही. त्या दोघांशी भांडले. म्हणलं, आकडा सोडा, त्यांच्या संघाकडं बघा. धाकट्या लीगमध्ये काय होतं माहितीय? वीस जण नवे येतात, महिन्याभरात बारा गायब. हरले की सोडून जातात, कंटाळतात. प्रत्येक संघात हेच. आबांच्या संघातनं दोन हंगामांत एकही माणूस गेला नाही. एकही. लीगच्या इतिहासात असं झालं नाही.

बानूबाई : का गेलं न्हाय?

करिश्मा : विचार की त्यांना.

बिभीषण : काय न्हाय गं. दिवस मावळायच्या टायमाला मेंढरं मोजायची सवय. आता मेंढरं रेवणसिद्ध मोजतोय. मंग म्या ह्येंना मोजतो. एकेकाला मेसेज टाकायचा. जेवलास का? सराव टाकलास का? मोबाईल आपला आपण विंग्रजी करून देतोय.

करिश्मा : आणि ते उत्तर देतात, आई. कॅनडाचा एक ट्रकवाला आहे, डेव. तो रोज सांगतो काय खाल्लं ते.

बिभीषण : डेव गुणी माणूस हाय, पर नुसता ब्रेड खातोय. सकाळच्याला त्यो ट्रक काढतो तवा आपल्याकडं मेंढरं परतायचा वक्त असतोय. म्या त्याला रामराम घालतो, त्यो मला गुड मॉर्निंग. आन ती फिलिपाईन्सची नर्स, तिची रातपाळी असली की मी तिचा सराव ध्यानात आणून देतो. आन आळंदचा शरणप्पा. त्याला कानडीत टाकतो, दोन शब्द येत्यात मला, ऊट आयता, म्हंजे जेवण झालं का. त्यो म्हणतो, आयतु. बास, झालं.

बानूबाई : आन मला कधी इचारलं व्हय, जेवलीस का?

बिभीषण : तू सोता वाढतीस, तुला काय इचारायचं.

बानूबाई : ऐकलंस? फिलिपाईन्सला इचारत्यात.

करिश्मा : तर आबा, मी हे सगळं सांगितलं त्यांना. ते म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे, पण कॉम्प्युटर माणूस मोजत नाही, आकडा मोजतो. सत्तेचाळीसचा गोलकीपर थोरल्या लीगमध्ये उभा केला तर दर मॅचला आठ-आठ गोल. बाकीच्या खेळाडूंवर अन्याय. आणि आबा, खरं सांगते, मॅनेजर म्हणून मला त्यांचं पटलं. म्हणून तर जास्त लागलं. म्हणून आले. तुमचं नाव काढायचं ठरलंय.

बिभीषण : हं.

करिश्मा : काहीतरी बोला ना.

बिभीषण : काय बोलू. एकसष्ट गोल खाल्लेल्याला कोण हार घालतंय. तुझं काम तू केलंस. मालकानं कळपाचं बघायचं असतंय, एका मेंढराचं न्हाय.

करिश्मा : असं नका म्हणू.

बिभीषण : न्हाय, खरं बोलायलो. एकच वाईट वाटतंय, ते सांगू का?

करिश्मा : सांगा.

बिभीषण : नोकरी लागली आन तू धाराशिवला गेलीस. तवा तुझा फोन कसा असायचा? आबा जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. ठिवते मंग. दोन मिन्टं. तुझ्या आईनं घड्याळ लावून बघितलंय. आन ह्ये फुटबॉल आल्यापासनं दर रविवारी तू अर्धा-अर्धा तास बोलायलीस. आबा, तो गोल कसा खाल्ला, आबा, डेवनं काय लिवलं. हसतीस, भांडतीस. आता नाव खोडल्यावर रविवारी कशाला करशील फोन? गोळीचं इचारायला?

करिश्मा : आबा.

बानूबाई : रडू नको गं. दूध खारट होईल.

करिश्मा : मी रडत नाही. द्या तो मोबाईल इकडं. निदान तुमच्या संघाला नीट निरोप लिहून देते. न सांगता नाव गेलं तर डेव जेवायचा नाही.

बिभीषण : घे. उघडंच हाय.

करिश्मा : कुठंय तुमचं पान... हां. सुलतान. अडुसष्ट सेंटीमीटर. आबा, हे काय आहे?

बिभीषण : काय?

करिश्मा : इथं खाली. शिल्लक पॉइंट. एकशे बासष्ट.

बिभीषण : असतील.

करिश्मा : असतील काय? एकशे बासष्ट पॉइंट पडून आहेत तुमच्याकडं. म्हणजे दोन हंगाम सराव केला, पॉइंट मिळाले, आणि एकही वापरला नाही? मला कसं दिसलं नाही हे? थांबा, शिल्लक फक्त ज्याची त्यालाच दिसते, बरोबर. आबा, का नाही वापरले?

बिभीषण : कवा वापरू? त्ये पॉइंट येत्यात रविवारी. तू सांगितलंस, रविवारी बाराच्या आत लावायचे, न्हाईतर आठवडाभर पान बंद. मंग? रविवारचं आलेलं रविवारीच कसं लावायचं? विरजण लावल्यागतच की ते.

बानूबाई : अवो, नेम दुधाचा हाय. पॉइंटाचा कुठनं काढला?

बिभीषण : आलेलं ते आलेलं. दूध काय आन पॉइंट काय. वाढवायचं न्हाय म्हंजे न्हाय. वार मल्हारीचा.

करिश्मा : दोन हंगाम? सव्वीस रविवार तुम्ही हे पॉइंट नुसते देवापुढं ठेवलेत?

बिभीषण : ठिवले म्हंजे, राहिले.

करिश्मा : आबा, तुम्हाला कळतंय का काय झालंय ते? गप बसा जरा, हिशेब करू द्या. उडीत चाळीस घातले... पकडीत पन्नास... चपळाई... एकोणसत्तर. आबा, हे सगळे घातले तर तुमचा आकडा सरळ एकोणसत्तरवर जातो. पासष्ट लागतात.

बानूबाई : आन पोलंडचा?

करिश्मा : त्याचा एकाहत्तर, पण त्याचा हा पहिलाच हंगाम आहे. त्याला अजून एक हंगाम खाली राहता येतं. त्याचं नाव खोडलं जात नाही. आबांचं जातं. म्हणजे आबांना वर घेतलं तर दोघंही वाचतात. हे त्या दोघांना पटेल. पटलंच पाहिजे. आबा, चला, आत्ताच भरून टाकू.

बिभीषण : आज?

करिश्मा : मग कधी? यादी आज जायचीय.

बिभीषण : आज रविवार हाय.

करिश्मा : आबा.

बिभीषण : न्हाय, तू आबा म्हण, न्हायतर बाप म्हण. सव्वीस रविवार पाळले ते सत्ताविसाव्याला मोडायचे? तेबी स्वतासाठी? नाव खोडलं तरी चालंल मला.

करिश्मा : आई, सांग ना तू तरी.

बानूबाई : म्या काय सांगू? म्या जोंधळं निवडायले.

करिश्मा : बरं. थांबा. मुदत आज बारापर्यंत. पण आबा, लीगचं घड्याळ अमेरिकेचं आहे. तिकडं रविवारी रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा आपल्याकडं सोमवारी सकाळी साडेनऊ असतात. मी मूर्ख. मी पहिल्या दिवशी नुसतं बारा म्हणाले, कुठले बारा ते सांगितलंच नाही. सव्वीस सोमवार तुम्हाला सकाळी साडेनऊपर्यंत वेळ होता.

बिभीषण : असं व्हय? बघ की. शिकलेल्या माणसानं नीट सांगाया नको का.

करिश्मा : चुकलं माझं. पण आता झालं, प्रश्न सुटला. उद्या सकाळी उठलात की पान उघडा, मी फोनवर सांगते कुठं किती घालायचे. तुम्ही भरा, मी तिकडनं यादी टाकते. मी निघते साडेपाचला.

बिभीषण : फोनवर?

करिश्मा : हो. काय अडचण आहे?

बिभीषण : फोनवर सांगूनच भरलं होतं म्या, उंची आन वजन.

करिश्मा : ते वेगळं होतं.

बिभीषण : वेगळं कसं? तू तिकडनं म्हणलीस उंची, म्या इकडं भरलं वजन. आता तू म्हणशील उडी, म्या भरीन भलतंच. आन एकदा भरलं की मागं घेता येत न्हाय, हाय न्हवं? एकशे बासष्टच्या एकशे बासष्ट परत हुकमात गेले, तर एकसष्टाचे एकशे एकसष्ट खाईल सुलतान. नुसता वरडत बसंल.

करिश्मा : मग पासवर्ड द्या, मी धाराशिवहून भरते.

बिभीषण : मॅनेजरनं दुसऱ्याचे पॉइंट भरले तर दोघांचंबी नाव खोडत्यात. कलम अकरा.

करिश्मा : तुम्हाला कलमं पाठ आहेत?

बिभीषण : शंभूनं इचारलं होतं एकदा. परंड्याचा, नवीन आलाय. तवा वाचलं.

करिश्मा : मग काय करायचं म्हणता?

बिभीषण : म्या कशाला काय म्हणू. समोर बसून कुणी बोट लावून दाखवलं, हितं एवढे, हितं एवढे, तर भरता येतंय. पर सकाळच्याला हितं समोर बसायला हाय कोण? तुझी आई? ती रेडकू बांधंल गोलात.

बानूबाई : बांधीन. एकसष्ट तरी खायचं न्हाय ते.

करिश्मा : म्हणजे मी थांबायचं.

बिभीषण : तुझं ऑफिस हाय. अधिवेशन हाय. आमी कुठं थांब म्हणलो.

करिश्मा : ...एक मिनिट. हॅलो, दैवशाला मॅडम? हां, करिश्मा बोलतेय. मॅडम, उद्या मी दुपारनंतर आले तर चालेल का? अर्धा दिवस. नाही नाही, आजारी कुणी नाही. घरी आहे. आबांच्या... आबांच्या बढतीचं काम आहे. हो, आजच कळलं. सांगते त्यांना. मॅडम, ती तेरा नंबरची माहिती मी सकाळी इथनंच पाठवते. हो. ठेवते. झालं. अभिनंदन सांगितलंय मॅडमनी तुम्हाला.

बिभीषण : गुणी बाई दिसतीय.

बानूबाई : काढ आता ती बॅग. मघापास्नं पाठीवर घेऊन बसलीस.

करिश्मा : आबा, एक मात्र सांगा. वर गेल्यावर तुमच्या त्या धाकट्यांचं काय? डेव, ती नर्स?

बिभीषण : डेव, नर्स, शरणप्पा, सगळे पहिला हंगाम सुरू झाल्यावर आले, त्यो धरत न्हाईत; त्यांचा अजून एक हंगाम बाकी हाय. वर गेलो तरी सांजच्याला मोजायला काय बंदी हाय? कलम अकरात तसं काय न्हाय.

करिश्मा : नाही. पण आता त्या सगळ्यांना पॉइंट भरायला कोण शिकवणार? शंभूला नवीन असताना कुणी शिकवलं?

बिभीषण : म्याच.

करिश्मा : कसं? तो तर परंड्याला.

बिभीषण : फोनवर. उडी हितं, पकड तितं, तिसऱ्या खान्यात...

करिश्मा : तिसऱ्या खान्यात काय, आबा?

बिभीषण : काय न्हाय.

करिश्मा : फोनवर शिकवलंत. दुसऱ्याला. आणि स्वतःचं फोनवर भरता येत नाही.

बिभीषण : न्हाव्याला स्वताची हजामत करता येत न्हाय, पोरी.

करिश्मा : आणि डेव सकाळी ट्रक काढतो तेव्हा आपल्याकडं मेंढरं परततात, हे मघाशी तुम्हीच सांगितलंत. मग तिकडचे बारा म्हणजे आपले किती, हे तुम्हाला माहीत नव्हतं?

बिभीषण : बानू, चहा टाक.

बानूबाई : चहा कशाला, बोलत्यात तर बोला की. पेडगावला कोण गेलं ते कळू दे हिला. करिश्मा, ह्यांना ते अमेरिकेचं घड्याळ लागलं त्याला पाच महिने झाले. पहिल्या महिन्यात खरंच देवाचं नाव घेऊन ठिवले होते पॉइंट. मंग त्या ट्रकवाल्यानं सांगितलं, सोमवारी सकाळी भर. म्या म्हणलं, भरा की मंग. तर म्हणाले, राहू दे. दोन हंगाम झाले की मला काढायची पाळी येईल. आन वाईट खबर करिश्मा फोनवर सांगायची न्हाय. घरी येऊन सांगंल.

करिश्मा : ...आबा?

बिभीषण : ही जोंधळं निवडती का माझं कपडं धुती, कळंना.

करिश्मा : खरं आहे का हे?

बिभीषण : थोडं खरं हाय. पहिल्या महिन्याचं तर सगळंच खरं हाय.

करिश्मा : मी दोन दिवस झोपले नाही, आबा.

बिभीषण : ते मात्र माझ्या ध्यानात आलं न्हाय. एक रविवार आदी आली असतीस तर तुझी झोप वाचली असती.

करिश्मा : आणि मी फोनवरच सांगितलं असतं तर? दोन ओळींचा मेसेज टाकला असता, सॉरी आबा, नाव काढलंय. मग?

बिभीषण : मंग गेलो असतो निवृत्त होऊन. तुझ्या जिवानं मला मेसेजवर काढलं असतं, तर त्या एकशे बासष्टचं मला काय करायचं होतं? पर तू न्हाय टाकलास मेसेज. बॅग पाठीला लावून आलीस.

करिश्मा : (पाठीवरची बॅग काढून घोंगडीवर ठेवते.)

बिभीषण : आता बोल की काहीतरी. मॅनेजर हायस तू.

करिश्मा : उद्या सकाळी आठला उठायचं. उडीत चाळीस, पकडीत पन्नास. हुकमात एकही नाही.

बिभीषण : दोन तरी.

करिश्मा : एक.

बानूबाई : ते उद्याचं उद्या. पेला रिकामा करा आदी दोघंबी. रविवारचं हाय, राखून ठिवायचं न्हाय.